काकूंच्या बाथरूमची खिडकी

भाड्याने आणलेल्या कॉमिकमधल्या त्या मुखवटेवाल्यांचा मला अजून संताप येतो. स्वतःला गोळी लागत नाही, आणि मारामारीला सोबत नेतात कुणाला, तर अर्ध्या चड्डीतल्या पोराला! हे मला चौदाव्या वर्षी खटकायला हवं होतं. पण तेव्हा मी गळ्यात बाबांचा पंचा बांधून नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगचं रक्षण करत होतो. वरच्या मजल्यावरचा आठ वर्षांचा मुलगा माझा साथीदार. त्याला मी दोनच नियम शिकवले होते: हुकूम पाळायचा, आणि वीराचं नाव सांगायचं नाही.

दाराचं लॅच लागून कुणी बाहेर अडकलं, की बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या काढून एखादं बारकं पोर आत सोडायचं, ही आमच्याकडची पद्धतच. एका दुपारी तळमजल्यावरच्या काकू अडकल्या. आत गॅसवर दूध. मी पंचा झटकत हजर.

"काकू, सरका. आम्ही आहोत ना."

"तू? अरे, तुझं डोकं तरी मावेल का त्यातून?"

मावणार नव्हतंच. साथीदार असतो कशाला?

पट्ट्या मी काढल्या. खालची तडकलेली काही निघेना.

"दादा, ही लागेल रे."

"वीर घाबरतात का?" वीराने बाहेरून विचारलं.

पोर आत गेलं, गॅस बंद केला, दार उघडलं. काकूंनी माझ्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास!" मग त्यांना त्याचा हात दिसला. कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेला.

त्याची आई धावत खाली आली. "कुणी सांगितलं होतं तुला आत शिरायला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मीच गेलो."

आधी त्याला एक थोबाडीत बसली, मग डॉक्टरकडे टाके. मी पंचा पाठीमागे लपवून उभा. काकूही गप्प, त्यांचं दूध वाचलं होतं.

संध्याकाळी तो बँडेज मिरवत आला. "दादा, नाव नाही सांगितलं हां."

आणि मला, नालायकाला, त्याचा अभिमान वाटला! बक्षीस म्हणून मी त्याला पंचा देऊन टाकला.

त्या दिवशी मारही खाल्ला मी. बाबांनी धरून बडवला. पंचा हरवला म्हणून.