बदलमास्तरांचं मौन

पडदा वर जातो. समोर ड्रायव्हिंग स्कूलचं अंगण. मागे पत्र्याची शेड, एका बाजूला ऑफिसची एकुलती एक खिडकी, दुसऱ्या बाजूला नळ आणि नळाखाली पालथी घातलेली बादली. मधोमध, सकाळच्या कोवळ्या उन्हात, एक कोरी पांढरी गाडी. आणि तिच्याभोवती, हात पाठीमागे बांधून फेऱ्या घालणारे एक उंच, किडकिडीत, साठी ओलांडलेले गृहस्थ. चेहरा असा, की आपल्या भूमिकेसाठी दुसरा नट आणलाय आणि त्याची ओळखही आपल्यालाच करून द्यायची आहे.

हे बदलमास्तर. त्यांचं खरं नाव लायसन्सवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. अडतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी लोकांना गाडी शिकवली आणि आपली सगळी विद्या एका शब्दात बसवली. इंजिनाचा आवाज चढत जायचा, आता फाटणार असं वाटायच्या क्षणभर आधी मास्तर म्हणायचे, "बदल." शिकणारा अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून, क्लच दाबून पुढचा गिअर टाकायचा. पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाचा "बदल" मायेचा असायचा, दुसऱ्यावरून तिसऱ्यावरचा कोरडा, आणि चढावरचा असा करडा, की शेजारून चाललेल्या टेम्पोवाल्यानंही निमूट गिअर बदलावा. सवय पार हाडीमासी खिळलेली. स्वयंपाकघरात मिक्सरचा आवाज चढला की बाहेरच्या खोलीतून "बदल" ऐकू यायचं. बायको मिक्सर बंद करायची आणि म्हणायची, आता तुम्हीच या आणि चौथा टाका.

पांढरी गाडी आणली होती पुतण्यानं. स्कूल त्याच्या नावावर होतं, आणि हल्ली येणारा प्रत्येक जण ऑटोमॅटिकच मागतो, हे त्याला दिसत होतं. या गाडीला क्लचच नाही, गिअर ती आपला आपण बदलते. पुतण्यानं काकांना हे सांगितलं ते आदरानं, पण नजर चुकवून. महिनाअखेर एका परिचारिकाबाईंची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. बाईंचा डावा गुडघा अपघातानंतर नीट वाकत नव्हता, त्यामुळे क्लचची गाडी त्यांच्या कामाची नव्हती. पुतण्याची अट अशी, की काकांनी त्यांना पास करून दाखवलं, तर ही गाडी काकांची. नाहीतर काकांनी ऑफिसातलं टेबल सांभाळावं, अर्ज भरून घ्यावेत, फोन उचलावेत. आता टेबल म्हणजे मास्तरांच्या लेखी जिवंतपणी भिंतीवरचा फोटो होणं.

पहिल्या दिवशी ते स्वतः गाडी चालवायला बसले, शेजारी पुतण्या. गाडीनं वेग घेतला, इंजिनाचा सूर चढला, आणि मास्तरांच्या डाव्या पायानं अडतीस वर्षांच्या इमानानं क्लच दाबला. क्लच नव्हता. त्या पायाखाली होता ब्रेक. गाडी जागच्या जागी थिजली, पुतण्याचा चष्मा समोरच्या काचेवर जाऊन आपटला. मास्तरांनी शांतपणे चष्मा उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, की ब्रेक उत्तम आहेत, तेवढी खात्री करून घेत होतो.

बाई मात्र चटकन शिकल्या. डावा पाय आरामात ठेवायचा, सगळं काम उजव्या पायानं. मास्तरांनी त्यांनाही पहिल्याच तासाला आपला नियम सांगून टाकला होता: मी "बदल" म्हटलं की पाय सैल सोडायचा. गरज नव्हती, पण शब्द तोंडातून गेला. आणि मग एक नवल घडलं. मास्तर "बदल" म्हणाले की गाडी खरंच गिअर बदलायची. एकदा, दोनदा, दहादा. मास्तरांच्या कानाला तो बारीकसा फरक लगेच कळायचा. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं, की गाडी दिसायला परकी आहे पण माझं ऐकते. बायको म्हणाली, म्हणजे या घरात ज्याची उणीव होती ते शेवटी मिळालं तुम्हाला.

हे सौख्य सपाट रस्त्यापुरतंच टिकलं. परीक्षेतला चढ लांबलचक होता. सरावाला तिथं गेल्यावर मध्यावर इंजिन ओरडायला लागलं, मास्तर म्हणाले "बदल", बाईंनी पाय सैल सोडला, गाडीनं वरचा गिअर घेतला आणि तिचा दम गेला. घाबरून बाईंनी पाय दाबला, गाडी खालच्या गिअरवर आली, इंजिन पुन्हा ओरडलं. मास्तर पुन्हा "बदल." असं चार वेळा. मागून एक सायकलवाला आला, पुढे निघून गेला, आणि जाताना त्यानं सहानुभूतीनं मान हलवली.

मास्तरांनी निदान केलं की गिअरबॉक्स बिघडलाय, आणि गाडी घेऊन ते गिअरबॉक्सचं काम करणाऱ्या मेकॅनिक बाईकडे गेले. तीही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं गाडी चढावर नेऊन आणली, हात पुसले आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"मास्तर, गाडीला कान नसतात," ती म्हणाली.

"माझं ऐकते ती."

"तुमचं ऐकतात त्या परिचारिकाबाई. गाडी ऐकते त्यांच्या पायाचं."

मग तिनं तेलाच्या डब्याच्या झाकणावर खडूनं दोन रेघा ओढल्या. गाडी मुख्य म्हणजे दोन गोष्टी बघते, ती म्हणाली. आपण किती वेगानं चाललोय, आणि अॅक्सिलरेटर किती दाबलाय. पाय हलका असेल तर ती समजते की माणसाला घाई नाही, आणि लवकर वरच्या गिअरवर जाते. पाय दाबलेला असेल तर समजते की ताकद हवीय, आणि खालचा गिअर धरून ठेवते. पाय पार तळाला नेला तर आहे त्याहून खालीही येते. जुन्या गाड्यांत हा हिशोब तेलाचा दाब करायचा. एका बाजूनं वेगाचा दाब, दुसऱ्या बाजूनं पायाचा, जो जिंकेल त्याचा गिअर. आता तेच काम एक छोटा कॉम्प्युटर करतो, त्याच्यात तक्ता भरून ठेवलेला असतो.

मास्तरांनी विचारलं, मग रेघा दोन कशाला, एक पुरे की. ती हसली. वर जायची रेघ वेगळी, खाली यायची वेगळी, ती म्हणाली, आणि खाली यायची जरा मागे, कमी वेगावर ठेवलेली असते. दोन्ही एकाच जागी ठेवल्या, तर गाडी त्या जागेवर आली की जाऊ की नको, जाऊ की नको, करत बसेल. म्हणून एकदा गेली की ती जरा दम धरते. "पण तुम्ही बाईंचा पाय सारखा उचलायला लावलात, तर तिनं तरी काय करावं? घाई नाही, असं तुम्हीच तिला सांगताय, आणि लगेच घाई आहे म्हणूनही सांगताय. गाडी धडधाकट आहे, मास्तर. बिघाड शेजारच्या सीटवर आहे."

त्या संध्याकाळी मास्तर जेवताना गप्प होते. बायकोनं दोनदा त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. शेवटी त्यांनी विचारलं, की न सांगता, आपलं आपण, योग्य वेळी बदलणं खरंच जमतं का कुणाला. बायकोनं ताट उचललं. "मी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऑटोमॅटिक आहे," ती म्हणाली. "तुमच्या ध्यानात आज येतंय."

उरलेल्या आठ दिवसांत त्यांनी बाईंना नवा धडा दिला. चढावर पाय एकसारखा ठेवायचा, इंजिन कितीही ओरडलं तरी, आणि मी काहीही म्हटलं तरी. बाई म्हणाल्या, इंजिनाचं भय नाही हो, तुमचंच आहे. तालमीत मास्तरांचं तीनदा तोंड सुटलं, तीनही वेळा बाईंचा पाय हलला. चौथ्या दिवसापासून ते तोंडात लवंग धरून बसू लागले.

परीक्षेच्या दिवशी पुढच्या सीटवर परीक्षक, मास्तर मागे. हा माणूस अडतीस वर्षांत कधी मागे बसला नव्हता. गुडघे हनुवटीला टेकलेले, समोर बाईंच्या मानेवरची घामाची बारीक ओळ. सपाट रस्ता पार पडला. चढाच्या मध्यावर परीक्षकानं गाडी थांबवायला लावली आणि पुन्हा काढायला सांगितली. बाईंनी ब्रेक सोडला, पाय दाबला. गाडी निघाली, इंजिन चढू लागलं. आवाज त्या ओळखीच्या जागी आला, आणि तो शब्द मास्तरांच्या घशात येऊन उभा राहिला, एंट्रीची वाट बघत विंगेत उभ्या असलेल्या नटासारखा. मास्तरांनी लवंग चावली. डोळ्यांत पाणी आलं. परीक्षकानं आरशातून मागे पाहिलं, यांना बरं नाही की काय.

आवाज ती जागा ओलांडून पुढे गेला. गाडीनं गिअर बदलला नाही, खालचाच धरून ठेवला. बाईंचा पाय हलला नाही. मास्तरांना स्वच्छ कळलं, की आपण बोललो असतो तर इथंच गाडीचा दम गेला असता. माथा आला, रस्ता सपाट झाला, बाईंनी जरासा पाय सैल केला, आणि तेव्हा कुठे गाडीनं वरचा गिअर घेतला, इतक्या अलगद, की परीक्षकाला पत्ताही लागला नाही. मास्तरांना लागला. इतकी वर्षं ज्या क्षणाची राखण केली तो आपल्याशिवाय येऊन गेला होता, आणि अगदी वेळेवर.

बाई पास झाल्या. अंगणात गाडीतून उतरल्यावर त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, की मागून एक शब्द आला असता तर मी संपले होते. पुतण्या ऑफिसच्या दारात उभा होता, हातात गाडीची किल्ली, आणि यावेळी नजर न चुकवता. त्यानं किल्ली पुढे केली आणि मिस्कीलपणे विचारलं, की काका, आता टेबलाचं काय करायचं.

मास्तरांनी किल्ली खिशात टाकली, तोंडातल्या लवंगेचा चोथा रुमालात गुंडाळला आणि म्हणाले, "टेबलाला एखादा बोलका माणूस शोध. मला गप्प बसायचं काम लागलंय."