खोक्यात न मावलेली मिरची

शाहिस्ताबाई केडगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. वर्ग, पेपर, माहिती भरणं हे सगळं उरकून त्या दरवर्षी मुलींना घेऊन शिरूरच्या रोबोट स्पर्धेला जातात, आणि दरवर्षी दमून परत येतात. पहिल्या वर्षी नियम होता, ‘रोबोट स्वतः बनवलेला असावा’. परीक्षकांनी विकतच्या मोटारीवर बोट ठेवलं. मोटार घरी कशी बनवायची, ते काही सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी परीक्षकांना विकतची मोटार चालली, पण वायरचा रिमोट चालला नाही. पहिल्या वर्षी त्याला कुणी हरकत घेतली नव्हती.

यंदा बाईंनी एकच नियम धरून ठेवला, कारण तेवढाच स्पष्ट होता: सुरुवातीला रोबोट एक फुटाच्या खोक्यात मावला पाहिजे. त्यांनी पुठ्ठ्याचं तसं खोकं करून वर्गात ठेवलं. तेजश्री रोज रोबोट त्यात घालून बघायची. ती दहावीत होती. तिची ही शेवटचीच संधी.

शनिवारी सकाळी सगळ्या जणी अनिसभाईंच्या टेम्पोतून निघाल्या. अनिसभाई म्हणजे बाईंचे यजमान. चौफुल्याला त्यांनी नेहमीप्रमाणे टेम्पोसाठी लिंबू-मिरची घेतली, आणि एक जास्तीची.

“ही तुमच्या यंत्राला. नवी गाडी हाय, नजर लागंल.”

तेजश्रीने ती हौसेने रोबोटच्या पुढे बांधली. बाईंनी बांधू दिली. मुलींच्या तोंडावर किती दिवसांनी हसू आलं होतं!

तपासणीच्या टेबलावर रोबोट खोक्यात ठेवला, तर मिरची दोन बोटं बाहेर.

“मावत नाही. बाद,” परीक्षक म्हणाले.

“सर, आमच्या आधीच्या रोबोटचा झेंडा बाहेर होता,” तेजश्री म्हणाली.

“झेंडा म्हणजे सजावट.”

“मग मिरची काय इंजिन हाय व्हय?”

मागे रांगेतली पोरं खिदळली. परीक्षकही हसले. “बरं, काढून टाका.”

तेजश्रीने हात पुढे केला, तोच शेजारचे दुसरे परीक्षक म्हणाले, “तपासणी सुरू झाल्यावर हात लावता येत नाही.” पहिल्यांनी त्यांच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि कागदावर फुली मारली. बाईंनी नियमांचा कागद पुढे केला. त्यात हात लावण्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

“मॅडम, परीक्षकांचा निर्णय अंतिम,” दोघंही एका सुरात म्हणाले. निदान तेवढ्यावर त्यांचं एकमत होतं.

बाई बाहेर पायरीवर बसल्या. भांडायला अंगात त्राण नव्हतं. रांगेच्या शेवटी एका लहान गावच्या शाळेचा रोबोट दिसला. त्यालाही लिंबू-मिरची. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि तिथवर गेल्या.

“पोरांनो, ती मिरची आत्ताच काढा. टेबलावर ठेवल्यावर काढू देत नाहीत.”

त्यांचा रोबोट पास झाला.

परतीच्या वाटेवर तेजश्रीने विचारलं, “आपलं तर गेलंच, मॅडम. त्यांना कशाला सांगितलं?”

“कुणाला तरी आधी कळायला नको का?”

अनिसभाईंनी समोर लटकणाऱ्या मिरचीकडे बघितलं. “चूक माझी हाय, पोरी.”

“नाय मामा,” तेजश्री म्हणाली. “खोक्याची हाय. आपलं खोकं वर्गात होतं, परीक्षकांचं त्यांच्या मनात.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. सोमवारी त्या वर्गातलं खोकं टाकून देणार होत्या. तेजश्रीने ते मागून घेतलं, पुस्तकं ठेवायला.