मागचं फाटक

“अहो, फाटक उघडं राहिलंय, परत जा!” उताराच्या तळाशी पोचलेली बायको ओरडत होती.

इंग्लंडातल्या शेतांमधून जाणाऱ्या या खडीच्या वाटेवर कोणीही सायकल न्यावी, फक्त मेंढ्या सुटू नयेत म्हणून मागचं फाटक लावावं, असा रिवाज. सकाळपासून मी सायकल कमी चालवली नि अख्ख्या इंग्लंडच्या कड्या लावल्या. एक उतार तरी पाय न टेकता मिळावा, एवढंच मागणं होतं. तो मिळाला आणि निम्म्यातच ब्रेक. वाट मोकळी राहायला इतकी दारं लावावी लागतात, हे कुठल्या ऋषीने ठरवलं कोण जाणे.

हिमालय चढावा तशी सायकल ढकलत वर गेलो, कडी घातली. वळून बघतो तर एक मेंढी अलीकडे, माझ्याच वाटेवर निवांत चरतेय.

“एक बाहेर आलीय,” मी खाली ओरडून सांगितलं.

“मग उघडा परत,” ती म्हणाली.