धाकट्याला आधी मिसरूड फुटलं

माझा धाकटा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण मिसरूड फुटलं ते त्याला आधी. तेव्हा त्याला तेरावं लागलेलं, मला पंधरावं. त्याचा आवाज घोगरा झाला, खांदे रुंद झाले. माझा आवाज मात्र अजून कोवळाच. आमच्या वलगावातल्या लोकांना याची मोठी गंमत वाटायची. मी मात्र चारचौघांत बोलणंच सोडलं.

सातासमुद्रापार कुठं तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. घरात म्हशी आल्या, भाकरीवर लोणी पडू लागलं. ते दोघांच्याही ताटात पडायचं, पण माझं खाल्लेलं हिवताप खाऊन टाकायचा. दर पावसाळ्यात मी अंथरुणाला खिळत असे. धाकटा मात्र कधी शिंकलासुद्धा नाही.

त्या हंगामात बाबांनी कापसाची गाडी अमरावतीला न्यायला धाकट्याच्या हाती दिली. मला मागं कापसावर बसवलं आणि स्वतः गाडीबरोबर पायी निघाले. बाजारात अडत्याच्या माणसानं धाकट्याशी व्यवहाराच्या गोष्टी केल्या आणि माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "हे लेकरू कोनाचं?"

"थो माहा मोठा भाऊ हाय," धाकटा म्हणाला. सगळे हसले. माझे कान तापले.

बाबा अडत्याकडं गेले तेव्हा हमालांनी धाकट्याला कापसाचं बोचकं उचलायला लावलं. "मिशीवाला गडी हाय, उचलते का नाई पाहू!" त्यानं दोनदा जोर लावला. बोचकं गुडघ्यापर्यंत आलं आणि हातातून निसटलं. हमाल पुन्हा हसले. थोड्या वेळानं पाहतो तर धाकटा दिसेना. गाडीच्या पलीकडं, बैलांच्या आडोशाला तो हमसून रडत होता.

"काय झालं रे? काहून रडून राहिला?"

"भाऊ, मले मोठं नाई व्हायचं," तो म्हणाला. "गावातले पोट्टे मले गोट्या खेळाले घेत नाईत. म्हंतात, तू आता मानूस झाला. अन् मोठ्या मानसांत बसलो त मले त्यांचं काईच समजत नाई."

आजवर मला त्याचा हेवाच वाटत आला होता. तो इतका एकटा पडला असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्याचे डोळे पुसले, आणि ते बोचकं आम्ही दोघांनी मिळून उचललं.

परतीच्या वाटेवर मी सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी धाकट्याच्या हातातला कासरा आपल्याकडं घेतला. मग म्हणाले, "मी बी असाच उशिरा वाढलो होतो. माह्या मायनं देवाले नवस केले, वैद्याचे काढे पाजले. काई उपेग नाई झाला. एका सालात आपसूक वाढलो. याले याच्या मामाचं वळन हाय, तुले माहं. त्यात तुले हिवतापानं मागं ओढलं. पन चूक माहीच. देह पाहून काम देल्लं, वय नाई पाहिलं."

दुसऱ्या दिवसापासून गाडी माझ्या हाती आली, आणि धाकट्याला दुपारची सुट्टी मिळाली. बाबांनी स्वतः पोरांना बजावलं, "याले खेळाले घ्या, हा तुमच्याच बरोबरीचा हाय."

त्यापुढच्या पावसाळ्यात ताप आला नाही. मी भुकेनं जेवू लागलो. हिवाळ्यात एकदा शेतातून येऊन दारातून पाणी मागितलं, तर चुलीपुढं बसलेल्या मायनं घाईघाईनं डोईवर पदर ओढला आणि विचारलं, "कोन पाहुना आला जी?"

"माय, मीच," म्हणालो. तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. माय पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून हसली आणि म्हणाली, "बोल पाहू अजून एकदा."