जुन्या शाफ्टचा आवाज

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई वीटभट्टीवर, बा दगडखाणीवर ड्रायव्हर. बदलापूरजवळ चामटोलीला कुडाचं घर, जेवायला चटणी-भाकरी, पावसाळ्यात तीही एकवेळ. त्यातून मी उल्हासनगरला कॉलेज करून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागलो. अभिमान आहे, लपवत नाही. भूत, भानामती, अंगात येणं — हे सगळं आमच्या बानेच घराबाहेर काढलं होतं. त्यामुळे पुढचं लिहायला मलाच अवघड जातंय...

खाणवाल्याने भंगारात काढलेली जीप बाने घेतली होती. बदलापूर स्टेशनपासून आमच्याकडे आणि पुढच्या पाड्यांवर तो पैसे घेऊन सीटा भरायचा. ओढ्यात गाडीचं पोट घासायचं म्हणून चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जादा पाटे घालून त्याने ती उंच केली. पण इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा शाफ्ट होता तेवढाच राहिला. पोरगी वाढली आणि झगा तोच, तसं. तोकडा, ताणलेला, तिरका. घराजवळच्या बुद्धविहाराच्या वळणावर गियर पडला की खालून यायचं — टण्... टण्... घूंऽऽ. ते ऐकलं की आई तवा चढवायची.

बा काविळीने गेला. जीप धाकट्या भावाने, सुनीलने घेतली. आवाज तोच राहिला आणि आईचा तवाही.

पण तिरकेपणामुळे शाफ्टच्या टोकांचे सांधे, ज्यांना क्रॉस म्हणतात, ते सारखे झिजायचे. एकदा उतारावर पुढचे नट उडाले आणि शाफ्ट लोंबायला लागला. त्याचं टोक रस्त्यात रुतलं असतं तर सीटांसकट जीप पालथी झाली असती. ही ब्याण्णवच्या आसपासची गोष्ट. मी त्याच दिवशी ठरवलं, शाफ्ट बदलायचा.

आई म्हणाली, "तेवढाच आवाज ऱ्हायलाय त्याचा. त्यो बी काढतोस?"

"आई, शाफ्ट पडला तर आपला सुनील ऱ्हायचा नाही."

तिने चुलीत फुंकर घातली. मग म्हणाली, "काढ मग."

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये टोपणकाका म्हणून सिंधी मिस्त्री होता. जीपखाली डोकं घालून तो ओरडला, "अरे साईं, ये लड़का अभी तक ज़िंदा कैसे है?" मी कोन मोजले, आकृती काढली. तो हसला. "गाड़ी बनानी है या परीक्षा देनी है?" पण नवा शाफ्ट माझ्याच मापाने कापला. नळी जाड घेतली, दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत बसवले, मागच्या एक्सलला पाचर देऊन त्याचं तोंड शाफ्टच्या रेषेत वर केलं. जुना शाफ्ट त्याने माझ्यादेखत कापून भंगारात टाकला.

येताना मी जीपच्या तळाच्या पत्र्यावर तळहात ठेवून बसलो होतो. जरासुद्धा थरथर नाही. विहाराच्या वळणावर सुनीलने मुद्दाम जोरात गियर टाकला. काही नाही. मला आनंद झाला आणि लगेच कसंतरीच वाटलं.

घरी आलो तर तव्यावर भाकरी फुगलेली.

"कसं कळलं आम्ही आलो ते?"

"म्हंजे? आवाज आला की."

"म्हातारीचे कान वाजतायत," सुनील हसला. मीही हसलो.

मग एका रविवारी दुपारी आई झोपलेली, मी ओट्यावर पेपर वाचत होतो... आणि वळणावरून आलं. टण्... टण्... घूंऽऽ. पाड्यांचा रस्ता सोडून इकडे वळणारा फाटा आमच्यापाशीच संपतो, दुसरी गाडी यायची नाही. मी धावत रस्त्यावर आलो. जीप दिसली. मुकी, रेशमासारखी.

आता फिजिक्सवाला गप्प कसा बसेल? मी सुनीलला पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायला लावल्या. मुद्दाम ऐकायला बसलं की काहीच नाही. गाडीत बसलं की काहीच नाही. नुसतं वाट बघत असलं की, कधीतरी.

एकदा जेवताना सुनील म्हणाला, "दादा, तुला आला, आईला आला. मलाच का नाय येत?"

"तू गाडीत असतोस ना."

"मग तू चालव की."

त्याच्यासाठी मी लायसन काढलं. पहिल्यांदा एकटा जीप घेऊन आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. कुंपणाचा झापा, म्हणजे कुडाचं फाटक, उघडा होता. बा असताना तो सरकवायचं काम छोट्या सुनीलचं. आज तो झापा धरून उभा होता, अनवाणी. मी आत शिरलो, इंजिन बंद केलं, तरी तो वळणाकडेच बघत होता.

"आवाज आला?"

"दुसरा गियर उशिरा टाकला," सुनील म्हणाला. "बा उशिराच टाकायचा."

मी गियर वेळेवर टाकला होता.

कानाची सवय, प्रतिध्वनी, मनाचे खेळ — सगळं लावून पाहिलं. एकही नीट बसत नाही. आई गेल्यावर तो आवाज बंद झाला. मी किती रविवार ओट्यावर काढले... सुनीलनेही काढले. ज्यांच्याकडे याचं उत्तर आहे म्हणतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

शाफ्ट मात्र जीप मोडीत निघेपर्यंत तोच होता. एकदाही पडला नाही. सुनील रोज घरी आला.