विजयमालामावशीची डागांची वही

आमची विजयमालामावशी शाळेत मुलींना रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी उरलं नाही, तेव्हा तिने स्वतःच्या फियाटला शिस्त लावायला घेतली. गाडी एकोणीसशे पासष्टची, आणि नारायण पेठेत त्या दोघींना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. सकाळी मंडईत जायचं तेही गाडीने. चालत दहा मिनिटं, गाडीने वीस. मी एकदा म्हटलं, "मावशी, चार वांग्यांसाठी गाडी?" तर म्हणाली, "वांग्यांसाठी कोण जातंय? मी गाडी चालवायला जाते. वांगी येताना आणते."

तिची एक वही होती. दर दुसऱ्या रविवारी बॉनेट उघडायचं, इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून काढायची आणि तिच्यावरचा एक थेंब टिपकागदाच्या तुकड्यावर सोडायचा. डाग वाळला की वहीत चिकटवायचा, खाली तारीख आणि एक-दोन शब्द. मधला काळा ठिपका केवढा, भोवतीचं पिवळट कडं कुठवर पसरलं, यावरून ऑइल कामाचं राहिलंय की नाही, हे ती सांगायची. एकवीस वर्षांचे डाग! लहानपणी मी ते तासन्‌तास बघत बसायचो. कुठल्या डागात घाटाची चढण आहे, कुठल्यात मे महिना, हे तिला विचारलं की ती पान उलटायच्या आत सांगायची.

ऑइल मात्र कायम एकच. नाना पेठेतल्या बाबुरावांच्या दुकानातलं, पिंपातून मापाने काढून दिलेलं, घट्ट. त्या घट्टपणाला बाबुराव वीस-पन्नास म्हणायचे.

आता माझा पराक्रम. मी दत्तप्रसाद, पुण्यातल्या पहिल्यावहिल्या सॉफ्टवेअरवाल्यांपैकी एक. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून आम्हाला विमानाने अमेरिकेला नेलं. कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत, पण आठ महिन्यांत माझं डोकं पुरतं चढलं. तिथल्या दुकानात भिंतभर ऑइलचे डबे बघितले आणि म्हटलं, मावशीला हेच. पाच-तीस, सिंथेटिक, सगळ्यात भारी! बॅगेतले स्वतःचे बूट काढून तिथेच टाकून दिले आणि चार डबे आणले.

मावशीने डबा उघडून एक थेंब चिमटीत चोळला. "पातळ आहे रे दत्तू," म्हणाली. झालं, मी सुरूच झालो. जग कुठे चाललंय, तंत्रज्ञान, अमुक तमुक. तिने सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि जुनं ऑइल काढून माझं ओतलं. मावशी वाद न घालता ऐकते, म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात गाडीच्या मागून निळा धूर यायला लागला आणि खाली ताटाएवढं डबकं साचलं. त्यात शनिवारी आरटीओची तपासणी. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी पास व्हावं लागतं, नाही तर रस्त्यावर आणायची नाही.

"आणि नाही झाली पास तर?" मी विचारलं.

"तर घरी बसायचं," मावशी म्हणाली आणि उगाचच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुधवारी बाबुरावांकडे धावलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अहो साहेब, ऑइल उत्तमच आहे. पण ते नव्या इंजिनाचं. हिचं इंजिन आतून झिजून सैल झालंय. घट्ट ऑइल त्या फटी भरून काढतं, पातळ तिथून निसटतं आणि जळतं, म्हणून धूर. शिवाय तुमच्या भारी ऑइलने आतला जुना चिकटा धुऊन काढला. त्या चिकट्यानेच तर गळती धरून ठेवली होती. बाईंना सगळं ठाऊक आहे. विचारलं नाहीत?"

नव्हतं विचारलं. मावशीकडे येऊन वही उघडली. माझ्या ऑइलचा पहिला डाग, आणि त्याखाली तिचं गोल अक्षर: "पातळ. हिला सोसणार नाही. पण दत्तूने बूट टाकून आणलंय."

"मावशी, माहीत होतं तर घातलंस कशाला?"

"आठ महिन्यांनी आलास. आल्याआल्या काय नाही म्हणू?" ती म्हणाली. "आता रडू नकोस. जुने कपडे घाल आणि गाडीखाली शीर."

मी शिरलो. ती वरून सूचना देत होती, मी इंजिनाखालच्या ऑइल-चेंबरचे नट आवळत होतो आणि नाकावर ऑइल झेलत होतो. पातळ सगळं काढलं, बाबुरावांचं घट्ट भरलं. उरलेला चौथा डबा तिने झोपाळ्याच्या कड्यांसाठी ठेवला. "भारी आहे ना? मग झोपाळा अमेरिकेसारखा हलेल," म्हणाली.

शनिवारी तपासणीला मावशीने गाडी सुरू केली. इन्स्पेक्टर मागे जाऊन उभे राहिले. धुराचा एक पुसटसा भपका आला आणि विरला. खाली वाकून बघितलं, तर एक थेंब. त्यांनी मावशीकडे पाहिलं, थेंबाकडे पाहिलं आणि सही केली. आणखी पाच वर्षं!

रविवारी तिने वही माझ्यापुढे सरकवली. मी थेंब सोडला, डाग वाळू दिला, चिकटवला, तारीख घातली आणि खाली लिहिलं: "घट्ट ऑइल. गाडी पास. चूक दत्तूची."

मावशीने चष्मा लावून वाचलं. मग शाळेतली, वह्या तपासायची लाल शाई काढली आणि माझ्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं: "आणि मावशीची."