चाचांची शाल

फाउंडेशनच्या वार्षिक ग्रँटचा फॉर्म आला की मला तांदळाच्या पोत्यांचा वास येतो. आमचा शनिवारचा मराठी वर्ग तेव्हा दुबईत, अल क्वोज भागातल्या एका गोदामात भरायचा. गोदाम रत्नागिरीच्या एका चाचांचं. दर आठवड्याला ते स्वतः पोती ओढून मुलांना जागा करून द्यायचे, तीही फुकट. फाउंडेशनच्या मॅडम वर्ग बघायला येणार म्हटल्यावर आम्ही पोत्यांवर चादरी टाकल्या, सत्काराला शाल-श्रीफळ आणलं. मी शाल पुढे केली, तर मॅडम हसून म्हणाल्या, "सॉरी, आम्हाला भेटी घेता येत नाहीत." मला वाटलं, खलास, ग्रँट गेली. मग त्यांनी मुलांना विचारलं, "ही जागा कुणाची?" मुलं ओरडली, "इट्स चाचाज!" मॅडम मला म्हणाल्या, "मग शाल त्यांना द्या ना." दाराशी उभे असलेले चाचा धुळीचे हात सदऱ्याला पुसत राहिले. "अगं, मला कशाला?" चार वर्षं त्यांच्याच गोदामात बसून आम्ही त्यांना कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. ग्रँट मिळाली, त्यातून वर्गाला हॉलही मिळाला. उद्घाटनाला पहिली खुर्ची चाचांची ठेवली होती. आज फॉर्म भरताना मला ती रिकामीच दिसते, कारण त्या दिवशी चाचा मागे उभे राहून मुलांच्या खुर्च्या सरकवत होते, खांद्यावर ती शाल घेऊन.